अर्धा ब्रेक

लिफ्टच्या टपावर बसलेल्या माणसाला कोणी काही विचारू नये. तिथे अंधार असतो, हातात वंगणाचा डबा असतो आणि निम्मं लक्ष खालच्या मजल्यावर दार आपटणाऱ्या लोकांकडे असतं. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणून बसतो. आपल्या लिफ्टवाल्याचं तेच झालं.

चौथ्या मजल्याचं दार उघडं ठेवून, लिफ्ट जरा खाली घेऊन तो टपावर मांडी घालून बसला होता आणि रुळांना वंगण लावत होता. तेवढ्यात त्याच्या नाकासमोर दोन पांढरे कापडी बूट येऊन उभे राहिले. बूट कोणाचे हे त्याला मान वर न करताही कळलं. चौथ्या मजल्यावर व्यायामोपचाराचा दवाखाना होता आणि तिथल्या मॅडम असले बूट घालत. मांडीचं हाड मोडलेले, गुडघा बदललेले, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेले लोक त्यांच्याकडे पुन्हा चालायला शिकायला येत. मॅडम त्यांच्यासमोर हात पसरून उभ्या राहत आणि उलट्या पावली मागे मागे जात. ‘माझ्याकडे बघा, पायांकडे नाही,’ एवढंच म्हणत. हात कायम पुढे, पण कोणाला लावलेले नाहीत. लिफ्टच्या दाराच्या फटीतून लिफ्टवाल्याने हे इतक्या वेळा पाहिलं होतं की चांगला धडधाकट असूनही आपलं एखादं हाड मोडावं, असं त्याला हल्ली वाटू लागलं होतं.

मॅडम म्हणाल्या की वसंताच्या सुट्टीला नदीकाठच्या रस्त्यावरच्या बागा बघायला लोक सायकलीनं जातात, बागवाले त्या दिवशी फाटकं उघडी ठेवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आपणही दरवर्षी जातो. एकट्याच जातो. यंदा वाटलं, कोणाला तरी विचारावं.

"तुम्हाला सायकल येते ना?"

"येते की," टपावरून आवाज आला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. सायकल येणं तर सोडाच, स्वारी आयुष्यात कधी सायकलच्या सीटवर बसली नव्हती. पण अजून ‘नाही हो, गंमत केली’ म्हणायला वेळ होता, आणि तो तसं म्हणालाही असता. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या की कदाचित ही शेवटचीच खेप असेल. दूरच्या एका शहरातल्या मोठ्या इस्पितळानं त्यांना बोलावलंय. सुट्टीनंतरच्या सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. एवढं सांगून पांढरे बूट वळले आणि जिन्याने खाली गेले. मॅडम नेहमी जिन्यानेच जात.

लिफ्टवाला टपावर तसाच बसून राहिला. त्याला त्या आवडत होत्या. थोड्याथोडक्या नव्हे, खूप. त्या इमारतीतली लिफ्ट हिवाळ्यापासून ठणठणीत होती, तरी हा कधी दोर तपासायला, कधी दिवा बदलायला, कधी नुसतंच ‘आवाज येतोय का बघायला’ तिथे हजर व्हायचा. रहिवाशांची मात्र खात्री पटत चालली होती की आपली लिफ्ट गावातली सगळ्यात धोकादायक लिफ्ट आहे. आणि आता सोमवारी सगळंच संपणार होतं. त्याच्या हातात एकच दिवस होता, आणि तो दिवस सायकलवर काढायचा होता.

संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं.

ताई त्याची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं. खाली तिचं लोकरीचं दुकान, वर दोघांचं घर. ती त्याला अजून छोट्या म्हणायची, आणि हा ‘छोट्या’ घराच्या दारातून आत येताना मान वाकवून येत असे. त्याला सायकल येत नव्हती याचं कारणही ताईच. लहानपणी तो पडेल म्हणून ती त्याला स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायची, आणायची. मग शिकायची गरज कधी पडलीच नाही.

"आणि सायकल येत नाही हे सांगितलं नाहीस?" ताईने विचारलं.

"नाही."

"बरं केलंस," ताई म्हणाली आणि हातातल्या सुया खाली ठेवल्या. लिफ्टवाल्याची बोलणी खायची तयारी होती, याची नव्हती. ताई म्हणाली, इतक्या वर्षांत तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस. नवीन शर्टसुद्धा मी आणते तेव्हा घालतोस. आता कुठे एक गोष्ट मागतोयस तर ती थापेवरून जाऊ द्यायची की काय? "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग," असंही वर म्हणाली आणि लोकरीची पोती पोचवायची आपली जुनी, पुढे तारेची टोपली असलेली सायकल काढायला परसात गेली.

दुकानामागच्या गल्लीत भल्या सकाळी शिकवणी सुरू झाली. गल्ली लांब, सरळ, आणि शेवटी एका गोदामाची भिंत. पहिल्या दिवशी लिफ्टवाला दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून सीटवर बसला, पायरीला रेटा दिला आणि हेलकावे खात चक्क निघाला. ताई टाळ्या वाजवत मागून धावली. मग भिंत जवळ आली आणि त्याने ब्रेक दाबला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लिफ्टचा ब्रेक अर्धा लागत नाही. लागला तर लागला, सुटला तर सुटला, मधलं काही नाही, आणि ते नाही म्हणूनच आपण सगळे जिवंत घरी जातो. लिफ्टवाल्याच्या हाताला उभ्या जन्मात दुसरा ब्रेक माहीत नव्हता. त्याने दोन्ही मुठी लिफ्ट धरावी तशा आवळल्या. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि हे महाशय सायकलवरून उडून रिकाम्या खोक्यांच्या ढिगात जाऊन पडले.

त्याला फारसं लागलं नाही. ताईला लागलं. तिने तिथल्या तिथे फर्मान काढलं की आजपासून ब्रेकला हात लावायचा नाही. मी आहे ना पुढे.

तेव्हापासून ताई गल्लीच्या शेवटी भिंतीला पाठ लावून, पाय रोवून, हात पसरून उभी राहू लागली. लोकरीचे गठ्ठे उचलून तिचे दंड भक्कम झालेले. लिफ्टवाला यायचा, पाय मारणं सोडायचा, ताई हँडल धरायची, म्हणायची, "आलास, धरलं." तो खाली उतरायचा. पुन्हा पायरीपासून सुरू. सुट्टीच्या आदल्या दिवसापर्यंत तो सरळ चालवत होता, वळत होता, एक हात सोडून घंटीसुद्धा वाजवत होता. दोघं एकमेकांवर बेहद्द खूश होते. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं, पण ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दुसऱ्या कोणाच्या आलं असतं. पण ताई शेवटी उभी असणार आणि ती धरणार, हे या दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात शिकण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

सुट्टीचा दिवस उजाडला तो मोठा झकास. आकाश धुतल्यासारखं, वारा अंगाला गुदगुल्या करणारा. ताईने लांबून दिसावा म्हणून खास विणलेला पिवळाधमक स्वेटर लिफ्टवाल्याच्या डोक्यातून खाली ओढला, टोपलीत डबा ठेवला, ओल्या हाताने त्याचे केस चापून बसवले आणि आज विचारल्याशिवाय घरी यायचं नाही, अशी तंबी दिली. लिफ्टवाल्याने पायरीला रेटा दिला. निघाला.

मॅडम पुलाच्या तोंडाशी आपल्या निळ्या सायकलवर एक पाय टेकवून वाट बघत होत्या. हा येताना दिसला तशी त्यांनीही सायकल पुढे काढली, त्यामुळे तिथे थांबायचा प्रश्न आला नाही. दोघं शेजारी शेजारी नदीच्या रस्त्याला लागले. लिफ्टवाल्याला हे सगळं खरं वाटेना. त्याचं आयुष्य वर आणि खाली असं गेलं होतं, तेही अंधारात. पुढे जाणं ही गोष्टच त्याला नवीन होती. वाऱ्याने त्याचे केस ताईच्या तावडीतून सुटले. पाणी चमकत होतं, पाखरं ओरडत होती, शेजारी मॅडम होत्या, आणि तो एकटाच मोठ्याने हसायला लागला. मॅडमनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाला आणि पुन्हा हसला. मग त्याही हसल्या.

पहिली बाग गुलाबांची. फाटकाच्या आधी कितीतरी लांब वास येऊ लागला. मॅडमनी घंटी वाजवली, "इथे थांबू या" म्हणाल्या आणि सायकल कडेला घेतली. लिफ्टवाल्याने पाय मारणं सोडलं आणि सवयीने समोर बघितलं.

समोर ताई नव्हती.

त्याचे हात ब्रेककडे गेले आणि खोक्यांचा ढीग आठवून परत आले. तोवर गुलाब मागे पडले होते. "पुढची बघू," तो मान न वळवता ओरडला, "पुढची जास्त चांगली आहे!"

मॅडम पुन्हा सायकलवर बसल्या. दुसरी बाग ट्यूलिपची होती. लाल, पिवळा, पांढरा असे लांबच लांब पट्टे. तीही गेली. "पुढची बघू." तिसऱ्या बागेपाशी रस्ताच वळून फाटकातून आत शिरत होता, त्यामुळे तो आत गेला. जांभळ्या घोसांच्या वेलीचा मांडव होता. त्याखालून तो सर्रकन गेला. मांडवाच्या टोकाशी बागेची मालकीण, एक म्हाताऱ्या बाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत देत उभ्या होत्या. त्यांनी पेला पुढे केला आणि लिफ्टवाल्याने भिडेपोटी तो घेतला. दुसऱ्या फाटकातून बाहेर पडताना त्याच्या एका हातात हँडल होतं, दुसऱ्या हातात काचेचा पेला आणि केसांत जांभळी फुलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी. मागून म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, पेला, पेला. पुढे केव्हातरी आणून देतो असं काहीसं तो म्हणाला.

आता त्या दिवशी रस्त्यावर सायकलींना तोटा नव्हता. लोक बागेत शिरत होते, बाहेर पडत होते. त्यांनी पाहिलं, पिवळ्या स्वेटरातला एक उंच माणूस, हातात सरबत घेऊन, एकाही बागेकडे ढुंकून न बघता ऐटीत चाललाय. लोकांचं डोकं असं असतं की थांबणाऱ्यापेक्षा न थांबणाऱ्यावर त्यांचा विश्वास लवकर बसतो. याला नक्की कुठलीतरी खास बाग ठाऊक असणार, असं कोणीतरी म्हणालं आणि चार जण मागे लागले. चाराचे दहा झाले. पुढच्या वळणावर त्याने मागे पाहिलं तर घोळकाच्या घोळका, आणि सगळ्यात पुढे टोपी घातलेले एक जाडे गृहस्थ, घामाघूम होऊन पायडल मारतायत. त्यांनी मॅडमना विचारलं, हे कुठे चाललेत. मॅडम म्हणाल्या, मलाही तेच बघायचंय.

एका शाळेच्या मुलांनी वाफ्यात पॅन्सी लावून वर फलक उभा केला होता, तोही वाचायचा राहिला. डेझीची बाग गेली, लिलीची गेली. लिफ्टवाल्याला रडू यावं की हसू हेच कळेना, आणि खरं सांगायचं तर हसूच येत होतं. इतकी फुलं, इतक्या वेगात, त्याने कधी पाहिली नव्हती. रंग अंगावर धावून येत होते. घाबरलेल्या माणसाला एवढा आनंद होऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एका चढावर मॅडम त्याच्या शेजारी आल्या. त्यांना दम लागला होता, गाल लाल झाले होते.

"तुम्हाला फुलं आवडत नाहीत का?"

"फार आवडतात."

"मग थांबत का नाही?"

शेवटची बाग सगळ्यात छान आहे म्हणून, असं लिफ्टवाला म्हणाला. एक थाप पचली की दुसरी आपोआप सुचते. मॅडम म्हणाल्या की त्यांना वाटलं होतं, कुठेतरी सावलीत बसू, जरा बोलू. सोमवारी काय कळवायचं ते अजून त्यांचं ठरलं नव्हतं. एकटीनं बसून ठरत नव्हतं, म्हणून तर कोणाला तरी विचारावंसं वाटलं. एवढं बोलून त्या मागे पडल्या. चढ संपला आणि सायकल उताराला लागली, आणि लिफ्टवाल्याला पहिल्यांदाच त्या दिवशी हसू आलं नाही. बोलायला आलेली बाई मागे राहत होती आणि हा गडी उतारावरून खाली चालला होता.

उताराच्या तळाशी रस्ता संपत होता. तिथे गावाची मोठी सार्वजनिक बाग होती. मधोमध कारंजं, भोवती लाल पॉपीचा गोल वाफा, वाफ्याभोवती गोल वाट, वाटेच्या कडेला बाकं. लिफ्टवाला फाटकातून आत आला आणि पुढे रस्ताच नाही म्हटल्यावर वाटेबरोबर वळला. वळला तो वळतच राहिला.

मागून सगळा घोळका आत शिरला आणि त्याच्यामागे गोल फिरू लागला. दोन फेऱ्या झाल्यावर टोपीवाले गृहस्थ म्हणाले की इथे तर आपण रोज फिरायला येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग कुरकुरत सगळे उतरले, बाकांवर बसले आणि डबे उघडून, आता हा काय करतो ते बघू लागले. मॅडमनी आपली सायकल एका बाकाला टेकवली आणि त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. लिफ्टवाला त्यांच्या समोरून गेला.

आता काय लपवायचं? पुढच्या फेरीला बाकापाशी आल्यावर त्याने सांगून टाकलं.

"मॅडम, मला थांबता येत नाही."

आणि गेला. परत आला तेव्हा मॅडमची हाताची घडी सुटली होती. "म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"मला सायकल येत नाही. ताईनं या आठवड्यात शिकवली. शेवटी ती उभी राहून धरायची." हे वाक्य लांब असल्यामुळे त्याचं शेपूट कारंज्यापलीकडून ऐकू आलं.

फेरी. "मग येते का म्हणालात?"

याचं उत्तर द्यायला त्याला अख्खी फेरी मिळाली. तेवढ्यात पुष्कळ चांगली चांगली उत्तरं सुचली. बाकापाशी आल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. "तुम्ही विचारलंत म्हणून," तो म्हणाला.

बाकांवर चावणं थांबलं. टोपीवाल्या गृहस्थांनी बायकोला गप्प राहायची खूण केली. ती बोलत नव्हती तरी. लिफ्टवाल्याने जाता जाता रिकामा पेला त्या गृहस्थांच्या हातात दिला, म्हणजे निदान एक हात तरी मोकळा झाला. आता त्याला थांबवणारं कोणी नव्हतं, दोन्ही अर्थांनी म्हणा हवं तर. पुढच्या फेरीला तो म्हणाला की तुमच्या इमारतीच्या लिफ्टला हिवाळ्यापासून काहीही झालेलं नाही.

"ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

त्याची सायकल लटपटली. पॉपीच्या वाफ्यात जाता जाता वाचला. परत आला तेव्हा मॅडम वाटेच्या अगदी कडेला येऊन उभ्या होत्या, आणि तो समोरून जाईपर्यंत भरभर बोलल्या. "मी रोज जिन्यानं जाते. लिफ्टपाशी मला काय काम? त्या दिवशी तुम्हाला विचारायलाच आले होते."

ती फेरी लिफ्टवाल्याने कशी मारली ते त्याला आजही सांगता येत नाही. पाय मारत होता की नाही, देव जाणे. कारंज्याचे तुषार तोंडावर आले, पॉपी लाल लाल पळत होत्या आणि त्याला एवढंच कळत होतं की आता बोललं नाही तर सोमवार येणार. बाकापाशी आला तेव्हा त्याचा आवाज साऱ्या बागेला ऐकू गेला.

"त्या शहरात जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

बोलला आणि पुढे गेला. थांबून तोंडाकडे बघायची सोय नव्हती. अशी गोष्ट विचारून पाठ फिरवून जावं लागणारा तो पहिलाच माणूस असेल. कारंजं आडवं आलं. त्याच्यापलीकडे काय चाललंय ते दिसेना. बाकांवरची माणसं त्याच्याकडे नाही, दुसरीकडे बघत होती. वळण संपलं आणि त्याने बाकाकडे पाहिलं. निळी सायकल होती, मॅडम नव्हत्या.

मग त्याने समोर पाहिलं.

मॅडम वाटेच्या मधोमध उभ्या होत्या. हात पसरलेले, पाय किंचित अंतरावर, नजर सरळ त्याच्यावर. चौथ्या मजल्यावर पेशंटांसमोर उभ्या राहत, अगदी तशाच.

"माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "पायांकडे नाही. पाय मारणं सोडा."

त्याने सोडलं. सायकल मंदावली आणि डुगडुगू लागली.

"आता ब्रेक. अर्धा."

"ब्रेक अर्धा लागत नाही."

"लिफ्टचा लागत नाही. हा लागतो. अंडं धरता तसं धरा."

मॅडम उलट्या पावली मागे जात होत्या आणि तो त्यांच्याकडे येत होता. त्याने बोटं वळवली, अंड्यावर वळवावी तशी, आणि खरोखर चाकांनी ऐकलं. ती एकदम अडली नाहीत, हळूहळू थकत गेली. "आता डावा पाय खाली," मॅडम म्हणाल्या. त्याने पाय खाली टेकवला. वाळू करकरली आणि जग फिरायचं थांबलं. मॅडमचे हात हँडलच्या दोन्ही बाजूंना होते. हँडलला लागलेले नव्हते.

"मी धरलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे तुम्ही थांबलात."

बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपीवाले गृहस्थ डोळे पुसत होते. लिफ्टवाल्याला मात्र अजून उत्तर मिळालं नव्हतं आणि आता तर पुढची फेरीही नव्हती. त्याने नुसतं मॅडमकडे बघितलं.

मॅडमनी त्याच्या केसांतली जांभळी फुलं काढली. म्हणाल्या, थांबणं जमलं, पण उतारावर जपून जाणं राहिलंय, मागे वाहन आलं की घाबरायचं नाही हे राहिलंय, खरं बोलणं तर अगदीच कच्चं आहे. असा पेशंट अर्धवट टाकून जायची त्यांची पद्धत नाही. "सोमवारी त्यांना नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला हो. आता उतरा खाली, लोक बघतायत."

तो उतरला. सायकल स्टँडवर लावली. त्याच्या तोंडभर हसू पसरलं होतं, आणि नेमका त्याच वेळी फाटकातून आरडाओरडा ऐकू आला.

ताई धावत येत होती. काखेत अर्धवट विणकाम, सुया तशाच टोचलेल्या, लोकरीचा गुंडा मागून घरंगळत येतोय. घरी विणता विणता मध्येच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता की छोट्या थांबणार कसा. तशी उठून तिने बस पकडली होती आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकाशी खिडकीतून पिवळा स्वेटर शोधत इथवर आली होती. "ब्रेकला हात लावू नकोस," ती ओरडत होती, "आले मी, आले." बोलता बोलता तिने पाय रोवले, हात पसरले, आणि मग तिला दिसलं की सायकल स्टँडवर उभी आहे आणि तिच्याशेजारी तिचा भाऊ उभा आहे.

ताईचे हात तसेच पसरलेले राहिले. त्यांचं आता काय करायचं, ते तिला सुचेना. इतकी वर्षं त्या हातांच्या भरवशावर लिफ्टवाला चालला होता, आणि आज ते रिकामे दिसत होते, हे त्याला बघवेना. तो पुढे व्हायला निघाला. पण त्याच्याआधी मॅडमच पुढे झाल्या आणि सरळ जाऊन त्या हातांत शिरल्या.

ताईने त्यांना धरलं. सवयच होती. "आलीस?" एवढंच म्हणाली, आणि मग दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. टोपीवाल्यांच्या बायकोने लोकरीचा गुंडा गोळा करून आणून दिला.

डबा पाच जणांत खाल्ला, म्हणजे टोपीवाले गृहस्थ आणि त्यांची बायकोही बसलीच. निघायची वेळ झाली तेव्हा लिफ्टवाल्याने मोठ्या मनाने कॅरिअर झटकलं आणि ताईला म्हणाला, बस, लहानपणी तू मला न्यायचीस, आज मी तुला नेतो. ताईने कॅरिअरकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"तुला मी शिकवलंय," ती म्हणाली. "तू कसा चालवतोस ते मला माहीत आहे. मी हिच्यामागे बसते."

आणि बसलीसुद्धा, निळ्या सायकलवर, मॅडमच्या कमरेला हात घालून. लिफ्टवाला पुढे निघाला. लिलीच्या बागेपाशी आला आणि अर्धा ब्रेक दाबून, पाय टेकवून थांबला. त्याला ते इतकं आवडलं की तो डेझीपाशी थांबला, शाळेच्या पॅन्सीपाशी थांबून त्याने फलक मोठ्याने वाचून दाखवला, मांडवाच्या बागेत थांबून म्हाताऱ्या बाईंचा, टोपीवाल्यांकडून मागून घेतलेला पेला परत केला, ट्यूलिपपाशी थांबला, गुलाबांपाशी तर दोनदा थांबला. बागा संपल्या. तरी एका घरासमोर पायरीवर एकच कुंडी होती आणि तिच्यात एकच कळी, तिथेही थांबला.

ताईने मॅडमच्या पाठीवर कपाळ टेकवलं.

"थांबायला शिकवलंस ते ठीक," ती म्हणाली, "पण आता हा घरी कधी पोचायचा?"

मॅडमनीही सायकल कडेला घेतली आणि त्या कळी बघायला उतरल्या.